पाहिले, पण दिसले काय?

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही उभयता इटलीला जाऊन आलो. परतल्यापासून जो तो एकच विचारतो, ‘किती ठिकाणं झाली?’ ठिकाणे ‘होतात’, गोवर-कांजिण्या झाल्यासारखी! या ‘होण्या’विरुद्ध माझी फिर्याद आहे, आणि तीत पहिला आरोपी मीच आहे.

सकाळी सातला फ्लॉरेन्सहून बस निघाली. एका दिवसात डोंगरमाथ्यावरची तीन गावे : सिएना, सान जिमिन्यानो, पिएन्झा. सिएनाच्या वाट्याला पन्नास मिनिटे आली. तेथील नगरभवनात अम्ब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९ साली भिंतीवर सुराज्याचे चित्र रंगवले आहे. त्यात गवंडी भिंत बांधतात, जोडे करणारा दुकानात बसला आहे, आणि एक मास्तर मुलांना शिकवतो आहे. सुराज्यात मास्तरालाही जागा देणारा चित्रकार! वीस वर्षे खडू झिजवणाऱ्या माणसाने हे चित्र पाहायला नको? आमचा टूर-मॅनेजर म्हणाला, “सर, आत जायला वेळ नाही. चौकात फोटो काढून घ्या.” आणि मी, आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा, फोटो काढून घेतला!

सान जिमिन्यानोत एके काळी बहात्तर मनोरे होते म्हणतात. आज चौदा उरले आहेत. केशराच्या व्यापारात गबर झालेली घराणी एकमेकांवर कुरघोडी करण्यासाठी ते चढवीत. आपण त्यांना हसतो. पण ‘तुमची पाच शहरं, आमची अकरा’ म्हणणारे आपण तरी दुसरे काय बांधतो?

वाचकहो, ही दोन्ही गावे रोमला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर वाढली. पंढरीच्या वाटेवरच्या गावांसारखीच. सिएनाच्या मुख्य चर्चसमोर यात्रेकरूंसाठी मोठे रुग्णालय होते. थकलेला वाटसरू तेथे टेके, गावाशी दोन शब्द बोले. मुक्काम करणाऱ्यांनी ही गावे वाढवली. आम्ही मात्र तेथे उतरलो, गर्दी केली, पाणी प्यालो, बाटल्या टाकल्या आणि निघालो. गावाला आमचे तोंड दिसले नाही, आम्हांला गावाचे.

कोणी म्हणेल, “मास्तर, पुन्हा कोण जाणार? जमेल तेवढं पाहून घ्यावं.” पैशाची ओढ मला कोणी शिकवू नये, आम्हीही पै पै साठवूनच गेलो होतो. पण पुन्हा जाणे नाही, म्हणूनच तर एक गाव धड पाहायचे! आयुष्यात एकदाच मिळणारे पुरणपोळीचे ताट कोणी घास मोजत, घड्याळ लावून जेवतो काय?

परवा फराळाची तयारी आटोपल्यावर मंडळी मोबाईलवरचे फोटो पाहत बसली होती. एका दगडी गल्लीवर बोट ठेवून तिने विचारले, “हे कुठलं गाव हो?”

मला सांगता आले नाही.

तेव्हा, यंदा प्रवासाचे बेत आखणाऱ्यांनो, कंपनीला ठणकावून सांगा : दोन गावे कमी करा, एक रात्र वाढवा. संध्याकाळी बसगाड्या निघून गेल्यावर चौकातल्या बाकावर बसा. म्हणजे कोणी ‘किती ठिकाणं झाली?’ विचारले, तर ताठ मानेने म्हणता येईल, ‘एकच. पण ते पाहिलं!’