पोराला भूल देण्याआधी

आदिलाबादची थंडी तेलंगणात प्रसिद्ध आहे. उटनूरकडच्या एखाद्या कोलामगुड्यातून चार वर्षांचं पोर हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पहाटे निघतं. ‘रात्रीपासून पाण्याचा थेंबही देऊ नका,’ असं आईला सांगितलेलं असतं. नंबर लागतो दुपारी. ऑपरेशनच्या खोलीत एसी चालू, अंगावर एक पातळ हिरवं कापड.

तहान, थंडी आणि ऑक्सिजनची कमतरता. सिकलसेल असलेल्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकायला यातलं एकही पुरतं, आणि गोंड-कोलामांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून मी आग्रहाने म्हणतो, या जिल्ह्यात सिकलसेलची तपासणी झाल्याशिवाय कुठल्याही मुलाचं ठरवून करायचं ऑपरेशन होऊ नये. सोल्युबिलिटीची साधी चाचणी काही मिनिटांची असते. तिच्यात दोष दिसला तर आजार आहे की नुसता वाहक, हे पुढच्या तपासणीत कळतं.

पाण्याचंही तेच. भुलेच्या सहा तास आधी जेवण बंद, चार तास आधी अंगावरचं दूध बंद, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. मुलांचे नंबर सकाळी पहिले लावा. याला एक रुपयाही लागत नाही.

लहान मूल किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं, त्यामुळे श्वास अडला की हाताशी वेळ फार थोडा असतो. बोटाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरची टिकटिक ऑक्सिजन उतरताच खालच्या सुरात जाते. तो सूर ऐकणारा माणूस पोराच्या उशाशी हवा, आणि त्याला दुसरं काम नको. ग्रामीण आरोग्य अभियानात एमबीबीएस डॉक्टरांना भुलेचं १८ आठवड्यांचं प्रशिक्षण दिलं गेलं. ते अडलेल्या बाळंतिणींसाठी होतं, त्या कामाला मोलाचंच. पण तेवढ्या शिदोरीवर दोन वर्षांच्या पोराला झोपवू नये. जिल्ह्यात २००८ पासून रिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. थांबू शकणारी ऑपरेशनं मुलांना सरावलेला भूलतज्ज्ञ असेल तिथेच व्हावीत, मग त्यासाठी पैनगंगा ओलांडून नागपूरला जावं लागलं तरी चालेल.

आईबापांनो, तारीख मिळाली की पोराचा सिकलसेलचा कागद सोबत न्या, त्याचं वजन तिथेच करून घ्या, एक गोधडी घ्या. आणि भूल कोण देणार, हे न घाबरता विचारा.