पिशवीत आधी तिचे कागद

आमच्याकडे रत्नागिरीत बाळंतपणाची पिशवी दोन तऱ्हेने भरली जाते. काही घरांत सातवा महिना लागला की खरेदी सुरू होते आणि कळा येईपर्यंत एकाच्या तीन पिशव्या होतात. काही घरांत बाळ येण्याआधी टोपडंही घ्यायचं नाही, नजर लागते, म्हणून काहीच भरत नाहीत. मग रात्री दोनला कपाटं उघडली जातात. दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी. पिशवी भरते सासू, आई, नणंद किंवा खाला. जिला दवाखान्यात जायचंय तिला आत काय आहे ते माहीत नसतं. आणि कागद आत नसतात.

माझं म्हणणं असं की पिशवीत सगळ्यात आधी कागद जावेत, ते तिने स्वतः ठेवावेत आणि ठेवताना त्यांवरचं आपलं नाव वाचून बघावं. दुपटी-लंगोट नंतर. त्यांची आठवण करायला घरात दहा बायका असतात.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. जूनमध्ये पहिलीच्या प्रवेशाला बसलं की जन्मदाखले हातातून जातात. आईचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि ती स्वतः सांगते ते तिसरं. हे होतं कसं, ते बघा. गरोदरपणी माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. सासरी नोंद झाली असेल तर त्यावर नवऱ्याचं नाव आणि आडनाव. पहिलं बाळंतपण माहेरी, तिथे दाखवायला आधार, त्यावर अजून वडिलांचं नाव. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये जे सांगितलं जाईल ते लिहिलं जातं आणि सांगणारी बहुतेक वेळा भेदरलेली आई किंवा भाऊ असतो. दवाखान्यात जन्म झाला की नोंदीची माहिती दवाखानाच कळवतो. म्हणजे त्या रात्री काउंटरवर जे नाव सांगितलं गेलं, तेच पुढे मुलाच्या दाखल्यावर उतरतं.

त्यात आपल्या नावांची वेगळीच गंमत. उर्दूत जे नाव एकाच तऱ्हेने लिहितात ते देवनागरीत आयशा, आयेशा, आएशा असं काहीही होतं. मोहम्मद, मुहम्मद, महंमद हे तर एकाच घरातल्या तीन भावांच्या कागदांवर सापडतील. लिहिणाऱ्याचा दोष नाही, तो कानाने ऐकतो तसं लिहितो. पण 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969च्या कायद्यात बदल झालाय. त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलाच्या जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून शाळा, आधार, मतदार यादी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मदाखलाच लागणार. आपल्या समाजात कागदांची धास्ती किती आहे ते मी सांगायला नको. धास्ती घेण्यापेक्षा कार्डावरची आणि आधारवरची अक्षरं आठव्या महिन्यातच जुळवून घ्यावीत. कार्डावर चुकलं असेल तर आशाताईला नाहीतर सिस्टरना तेव्हाच सांगावं. दाखल्यावर चुकलं की अर्ज, पुरावे आणि हेलपाटे.

बाळाचं नाव मात्र घाईत सांगू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण ती बाळाच्या नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांपर्यंत फुकट आणि त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. अक़ीक़्याला नाव ठरणार असेल तर सातव्या दिवसापर्यंत थांबायला कायद्याची काहीच हरकत नाही. लाडाचं नाव दाखल्यावर चढलेली मुलं मी पाहिली आहेत. दहावीच्या फॉर्मवेळी त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

नवरा कुवेतला, दुबईला किंवा जहाजावर असेल तर त्याच्या आधारची आणि पासपोर्टची प्रत तिच्या पिशवीत हवी, दिराच्या मोबाइलमध्ये नको. तिच्या स्वतःच्या बँक पासबुकाचीही. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाचे पाच हजार आणि दुसरी मुलगी झाली तर सहा हजार तिच्याच खात्यात येतात. आणि हे सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. जुलैतल्या बाळंतपणाला कोकणात वेगळं सांगावं लागू नये.

कपड्यालत्त्याचं ओझं खरं तर कमी होऊ शकतं. जून 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, रक्त, तपासण्या, साध्या बाळंतपणाला तीन आणि सिझेरियनला सात दिवसांचं जेवण, घरी सोडायची गाडी, हे सगळं त्यात येतं. फिनलंडमध्ये 1938 पासून आईला कपडे-पांघरुणांची पेटी मिळते, आधी गरिबांना आणि 1949 पासून सगळ्यांना. तिथेही पेटी हवी तर आधी दवाखान्यात तपासणीला जावं लागतं. तशाच धर्तीवर आपल्या राज्याने 2019 मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी दोन हजारांचं बेबी केअर किट सुरू केलं. ते मिळणार का, हे नाव नोंदवलं त्या केंद्रात आधी विचारून ठेवा. नोंदीचं कार्ड हातात नसेल तर यातलं काहीही मागताना तोंड पडतं.

रत्नागिरीत आणखी एक वाट लक्षात ठेवावी लागते, कोल्हापूरची. काही बिनसलं की आंबा घाट चढून सीपीआरला जायचं. पावसात दरड आली तर किती वेळ लागेल ते अल्लाला ठाऊक. तिथले डॉक्टर तिला पहिल्यांदाच बघणार. रक्तगट, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, आधीच्या सिझेरियनचा कागद, हे त्यांना पिशवीतूनच कळणार. हळिवाच्या लाडवांचा डबा मागाहून एसटीने येऊ शकतो.

तिच्यासाठी पुढून बटणांचा सैल गाऊन, मोठे पॅड, जुने मऊ ओढणीचे तुकडे, चप्पल, चार्जर. बाळाचे झगे बारा आणि आईचा गाऊन एक, असं बऱ्याच पिशव्यांत दिसतं.

आणि मधाची बाटली. ती कोण टाकतं कळत नाही, पण असते. हिंदू शेजारणींकडे सोन्याच्या अंगठीने चाटवतात, आपल्याकडे बोटाने. मधात असलेल्या जंतूंच्या बीजांमुळे वर्षाखालच्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो, स्नायू लुळे पडतात. म्हणून पहिलं वर्ष मध वर्ज्य. तहनीक खजुराची आहे, हे मला माहीत आहे. डॉक्टरांना न विचारता तीही करू नये, असं माझं मत आहे. कुराणात सूरह बकराच्या 233व्या आयतीत आईच्या दोन वर्षं पाजण्याचं सांगितलंय, आणि डॉक्टरही पहिल्या तासात आईचं चीकदूधच द्या म्हणतात. कानात अजान द्यायला पिशवीतलं काहीच लागत नाही. पिशवी बंद करण्याआधी तिने बाटली बाहेर काढून ठेवली तर खालांनी रागावू नये. खजूर राहू द्यावेत, बाळंतिणीला भूक लागते.