अपठित उतारा आणि न वाचणारा वाचक

बारावीच्या इंग्रजीच्या कृतिपत्रिकेत एक जागा अशी आहे की जिथे गाईड, अपेक्षित प्रश्नसंच किंवा शिकवणीच्या नोट्स यांपैकी कशाचाही थेट उपयोग होत नाही. ती जागा म्हणजे अपठित उतारा. पाठ्यपुस्तकातील धड्यांवरचे प्रश्न आधी ताडता येतात. पत्रांचे आणि अहवालांचे नमुने पाठ करता येतात. कादंबरीच्या विभागासाठी पात्रांची वर्णने तयार ठेवता येतात. अपठित उतारा मात्र विद्यार्थ्याने पूर्वी पाहिलेला नसतो आणि बहुधा त्याच्या शिक्षकानेही पाहिलेला नसतो. तीन तासांच्या त्या परीक्षेत विद्यार्थी आणि छापील मजकूर मध्यस्थाविना समोरासमोर येतात, ते येथेच. वाचन म्हणजे काय, हे ज्याला कळते अशा साहित्याच्या अध्यापकाने खरे तर या प्रश्नाची सर्वाधिक राखण करायला हवी. प्रत्यक्षात सर्वाधिक यांत्रिक झालेला प्रश्न हाच आहे.

त्याचे तंत्र आता भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंतच्या कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयातील मुलाला ठाऊक असते. उतारा आधी वाचायचा नाही, प्रश्न आधी वाचायचे. प्रश्नातला ठळक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य, शंका असल्यास पुढचेही, जसेच्या तसे उतरवायचे. विद्यार्थ्याचे स्वतःचे मत विचारणाऱ्या प्रश्नासाठी चार गुळगुळीत वाक्ये तयार ठेवायची; ती पर्यावरणालाही चालतात आणि प्रामाणिकपणालाही. सारांशासाठी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उचलायचे. या पद्धतीने उताऱ्याचा विषय काय होता हे न कळताही निम्म्याहून अधिक गुण मिळू शकतात. हरवलेली किल्ली शोधताना माणूस घर पाहत नाही, तसे हे शोधणे आहे. त्याला वाचन म्हणता येत नाही.

तरीही या तंत्राची टिंगल करून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. शंभरांपैकी ३५ गुण ही उत्तीर्णतेची रेषा आहे आणि एका इंग्रजीत गेलेला विद्यार्थी संपूर्ण बारावीत जातो. धानाच्या बांधीत राबणाऱ्या ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी बारावीपर्यंत पोहोचले आहे, तिथे ही रेषा ओलांडणे आणि न ओलांडणे यात पुढच्या सगळ्या वाटांचे अंतर असते. नर्सिंग असो, आयटीआयनंतरची नोकरी असो किंवा पोलीस भरती, बारावी पासचा कागद कुठे ना कुठे लागतोच. जो शिक्षक अशा मुलाला उत्तर हुडकण्याची युक्ती शिकवतो, त्याच्या मनात करुणाच असते. आक्षेप युक्ती शिकवण्याला नाही. वर्षभराच्या अध्यापनात युक्तीपलीकडे काहीच उरत नाही, याला आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. चीनमधील महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षा, म्हणजे गाओकाओ, ही सांस्कृतिक क्रांतीच्या काळातील खंडानंतर १९७७ साली पुन्हा सुरू झाली. आज तिच्या बहुतेक ठिकाणच्या ७५० गुणांच्या रचनेत परकीय भाषेला, म्हणजे बहुतांशी इंग्रजीला, १५० गुण असतात. त्यातला मोठा हिस्सा उतारे वाचून पर्याय निवडण्याचा असतो. तिथल्या आडगावातला मुलगाही आयुष्यात क्वचितच कानावर पडणाऱ्या भाषेतील शेकडो उतारे सोडवतो आणि चार पर्यायांतून दोन लगेच कसे बाद करायचे हे शिकतो. परीक्षा जितकी निर्णायक, तितके तिच्याभोवतीचे तंत्र पक्के होत जाते. इथे चीनशी तुलना करण्याचा हेतू एवढाच, की दोष एखाद्या मंडळाच्या किंवा शिक्षकाच्या माथी मारून प्रश्न सुटत नाही हे ध्यानात यावे.

आपल्या मंडळाने तर, निदान कागदावर, वेगळा प्रयत्न केला आहे. २०२० पासूनच्या बारावीच्या इंग्रजी ‘युवकभारती’नुसार ८० गुणांच्या लेखी परीक्षेत गद्य विभागाला ३४ गुण आहेत. त्यात पाठ्यपुस्तकातला एक आणि बाहेरचा एक असे दोन उतारे असतात. उताऱ्याखालच्या कृतीही पायरीपायरीने रचलेल्या आहेत: आधी ढोबळ आकलन, मग तपशील, मग अनुमान आणि अर्थनिर्णयन, त्यानंतर स्वतःचा प्रतिसाद, शेवटी भाषाभ्यास आणि शब्दसंपत्ती. ही मांडणी करणाऱ्यांना वाचनाची प्रक्रिया ठाऊक होती, असे म्हणायला हरकत नाही. परंतु पायऱ्या ठरल्या की प्रत्येक पायरीचा साचाही ठरतो आणि साचा ठरला की त्याची शिकवणी सुरू होते. ‘अनुमान’ नावाच्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या शब्दांनी सुरू करावे, हेही आता पाठ करून घेतले जाते. अनुमान पाठ करता येते, हा शोध शिक्षणशास्त्राला आपण दिलेला आहे!

अनुमान म्हणजे काय, हे याच पाठ्यपुस्तकातील एका कथेवरून पाहू. आर. के. नारायण यांची ‘अॅन अॅस्ट्रॉलॉजर्स डे’ ही कथा तिथे आहे. रस्त्याकडेला, इतरांच्या दिव्यांच्या उसन्या उजेडात एक ज्योतिषी बसतो. रात्री, आवराआवर करण्याच्या वेळी, एक गिऱ्हाईक येते. ते त्याला आव्हान देते, पैज लावते आणि मध्येच चिरूट पेटवते. काडीच्या उजेडात ज्योतिष्याला त्याचा चेहरा ओझरता दिसतो, आणि तो एकाएकी अंग काढून घेऊ लागतो. गिऱ्हाईक सोडत नाही. मग ज्योतिषी त्याला त्याचे नाव सांगतो, त्याच्यावर झालेला हल्ला सांगतो, विहिरीत ढकलले गेल्याचे सांगतो आणि हल्लेखोर मेला असल्याचे सांगून गावी परत पाठवतो. घरी गेल्यावर तो बायकोला जे सांगतो त्यातून आपल्याला कळते, की तो हल्लेखोर हाच होता.

ही कथा दोनदा वाचावी लागते. शेवट कळल्यावर वाचक मागे जातो आणि काडीच्या उजेडाच्या त्या लहानशा तपशिलापाशी थांबतो. सबंध कथेचे मर्म तिथे आहे. मात्र ‘ज्योतिष्याने त्याला ओळखले’ असे वाक्य तिथे नाही. म्हणजेच शब्द शोधून वाक्य उतरवणाऱ्याला तिथे काहीही सापडणार नाही. ज्योतिष्याला त्या माणसाचे नाव कसे कळले, या साध्या प्रश्नाचे उत्तर कथेत लिहिलेले नाही, तरी ते कथेतच आहे. लिहिलेले नसलेले पण असलेले असे काही ओळखता येणे, यालाच आपण साहित्याच्या वर्गात ध्वनी, व्यंजना, सूचकता अशी नावे देतो. बारावीचा मुलगा त्यालाच ‘इन्फरन्स’ म्हणतो आणि त्यासाठी दोन गुण राखून ठेवतो.

आता प्रश्न असा, की भंडारा जिल्ह्यातल्या मुलाजवळ ही शक्ती नसते काय? नसते असे म्हणणाऱ्याने हा मुलूख पाहिलेला नाही. दिवाळीनंतर इथे गावोगाव मंडई भरते आणि दंडार, खडीगंमत, नाटक यांत रात्र सरते. खडीगंमतीतला एखादा सवाल वरवर एक सांगतो आणि आतून दुसरेच. त्यातला टोमणा गावातल्या कोणाला लागला, हे समोरच्या पोराला कोणी समजावून सांगावे लागत नाही. उपरोध, श्लेष आणि सूचन हे सगळे त्याला कानांनी कळते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा आयुष्यभर अभ्यास केला, शब्दकोश सिद्ध केला. त्या कामातून या बोलीचे अर्थवैभव केवढे आहे ते दिसते. मुलाची अर्थ लावण्याची शक्ती शाबूत असते. ती छापील पानापर्यंत येत नाही, कारण ती तिथे आणण्याची परवानगी त्याला कोणी दिलेली नसते.

त्याची वाट कशी आहे पाहा. घरी तो ‘डोरा’ म्हणतो आणि ‘पानी’ म्हणतो. शाळेत त्याला कळते की ‘डोळा’ आणि ‘पाणी’ हे शुद्ध, म्हणजे त्याचे अशुद्ध. पहिल्या वाचनातच त्याच्या मनावर ठसते की छापलेली भाषा ही आपली चूक दाखवणारी भाषा आहे. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. तिथे तर चूक होण्याच्या भीतीला अंतच उरला नाही. बोलीकडून प्रमाण मराठीकडे आणि तिथून इंग्रजीकडे जाताना प्रत्येक उंबरठ्यावर तो आपले अर्थ लावण्याचे सामान बाहेर ठेवून आत शिरतो. उताऱ्यातले वाक्य जसेच्या तसे उतरवून काढण्यात त्याला सुरक्षित वाटते, याचे कारण आळस नव्हे. त्या वाक्यात निदान चूक तरी नसते.

आणखी एक उदाहरण. याच पुस्तकात सरोजिनी नायडूंची ‘इंडियन वीव्हर्स’ ही कविता आहे. विणकर पहाटे नवजात बाळाचे वस्त्र विणतात, सांजवेळी राणीच्या लग्नातला पदर विणतात आणि रात्रीच्या थंडीत मृताचे कफन. मोहाडी, आंधळगाव या भागात कोशाचे विणकाम पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. तिथल्या वर्गात ही कविता शिकवताना मागाचा आवाज किती जवळचा असू शकतो! विणकराच्या नशिबी दुसऱ्याच्या जन्म-लग्न-मरणाची वस्त्रे का, आणि त्याच्या स्वतःच्या अंगावर काय, हा प्रश्न तिथल्या मुलीने विचारला तर कवितेच्या सौंदर्यदृष्टीलाच धक्का देणारा तो खरा समीक्षेचा प्रश्न ठरेल. गाईडच्या उत्तरात मात्र उपमा कोणती, यमकाची रचना कोणती, एवढेच असते. कविता तिच्या गल्लीत येऊनही तिच्या घरी जात नाही.

यात एक विसंगती आपणच जोपासली आहे. बारावीला इंग्रजी अनिवार्य आहे, मराठी नाही. विज्ञान शाखेचा विद्यार्थी मराठीऐवजी दुसरी भाषा किंवा माहिती तंत्रज्ञान घेऊन मोकळा होऊ शकतो. म्हणजे वयाच्या सतराव्या-अठराव्या वर्षी, जेव्हा माणूस खऱ्या अर्थाने वाचू लागतो, तेव्हा त्याचे सक्तीचे वाचन त्याला सर्वांत कमी अवगत असलेल्या भाषेतच उरते. स्वतःच्या भाषेत अनुमान करण्याचा सराव नसलेल्याकडून परक्या भाषेत अनुमानाची अपेक्षा आपण करतो. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सुरू झालेल्या ‘सीयूईटी’मध्ये उताऱ्यांची भाषाचाचणी मराठीतूनही देता येते. पण पर्यायांवर खूण करण्याच्या चाचणीतून मराठीच्या वाचनाला बळ येईल, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

या ठिकाणी आपण, साहित्याचे अध्यापक आणि विद्यार्थी, केवळ निरीक्षक राहू शकत नाही. आय. ए. रिचर्ड्‌स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांचे लेखी प्रतिसाद गोळा केले आणि १९२९ साली ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ प्रसिद्ध केले. उत्तम शाळांतून आलेली ती मुलेही अपठित कवितेपुढे अडखळली होती. ठरीव प्रतिसाद, साधा अर्थही न लागणे, पूर्वग्रह, हे सारे दोष त्यांनी नोंदवले. आपल्या विद्यापीठांत हा ग्रंथ एम. ए.ला नेमला जातो, आणि त्यावरची टिपणे गाईडमधून पाठ केली जातात. अपठिताच्या सिद्धांताचेही आपण पठित करून टाकले! बारावीला जो मुलगा उतारा न वाचता उत्तर देतो, तोच पुढे एम. ए.ला कादंबरी न वाचता तिच्यावर निबंध लिहितो. आणि तोच एके दिवशी शिक्षक होऊन वर्गात उभा राहतो. हे वर्तुळ शिकवणीवर्गांनी निर्माण केलेले नाही. ते आपल्या विभागांतून जाते.

मग करायचे काय? अपठित उतारा काढून टाकावा, ही मागणी अधूनमधून ऐकू येते. ती मान्य झाली तर पाठांतराचे राज्य पूर्ण होईल. प्रश्न राहावा, सराव बदलावा. आठवड्यातून एक तास असा असावा की उतारा दिला जाईल, पण त्याखाली प्रश्न नसतील. प्रश्न विद्यार्थ्यांनी काढायचे. उताऱ्यावर आधी बोलायचे ते मराठीतून, बोलीतून, ज्याला जसे जमेल तसे. इंग्रजीत लिहायचे ते नंतर. चुकलेल्या उत्तराला केवळ फुली न मारता ‘हे तुला कशावरून वाटले?’ असे विचारायचे. चुकीच्या उत्तरामागेही पुष्कळदा एक वाचन असते. उतरवून काढलेल्या बरोबर उत्तरामागे ते नसते. आणि हाच प्रयोग मराठीच्या तासालाही व्हावा, म्हणजे दोन भाषांच्या अध्यापकांना एकमेकांशी बोलावे लागेल.

अभ्यासक्रम पुरा होणार नाही, वेळ नाही, वर्गात मुले फार आहेत, या अडचणी खऱ्या आहेत. पण ज्याला उतारा कळला, त्याला उत्तर शोधण्याची युक्ती शिकवायला एक तास पुरतो. ज्याला केवळ युक्ती आली, त्याला वाचन शिकवायला नंतर वर्षे पुरत नाहीत. बारावीनंतर त्याच्यासमोर येणारे कागद, मग तो कर्जाचा करार असो, सातबाऱ्यावरचा फेरफार असो, वा धरणाखाली जाणाऱ्या जमिनीची नोटीस असो, सगळे अपठितच असतात, आणि त्यांच्याखाली प्रश्न छापलेले नसतात. गोसीखुर्दच्या पाण्याने ज्या जिल्ह्यातली गावे उठवली, त्या जिल्ह्याला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.