लेक घरची की पाहुणी?

डिसेंबरचा उत्तरार्ध जवळ आला की वाशी, नेरूळ, खारघर येथील अनेक वृद्ध दांपत्यांच्या घरी एक निराळीच लगबग सुरू होते. माळ्यावरच्या गाद्यांना ऊन दाखविले जाते, भाजणी दळून येते, नातवंडांसाठी बिनतिखटाचे पदार्थ कोणते करावयाचे याची उजळणी होते. अमेरिकेत, आखातात किंवा बंगळुरूत स्थायिक झालेल्या लेकी पंधरा-वीस दिवसांसाठी माहेरी येणार असतात. पूर्वी माहेरपणाचा हंगाम पंचांग ठरवीत असे. नागपंचमी, गौरी, दिवाळी हे त्याचे मुहूर्त. आता तो हंगाम परदेशातील शाळांच्या सुट्या ठरवितात आणि विमानाच्या तिकिटांचे भाव त्याला मर्यादा घालतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि डिसेंबरअखेर तेथून उड्डाणेही सुरू झाली. माहेरचा रस्ता असा अधिकाधिक सुकर होत आहे. परंतु त्या रस्त्याच्या शेवटी जे घर आहे त्यात लेकीचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र जिथल्या तिथेच राहिला आहे.

नवी मुंबईत हा प्रश्न अधिक ठळकपणे दिसतो, याला कारण आहे. हे शहर वारशाने मिळालेले नाही. मुंबईसमोर खाडीपलीकडे नवे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये खाडीवरचा पूल खुला झाला आणि मे १९९२ मध्ये लोकल वाशीपर्यंत पोहोचली. गिरगाव, परळ, दादर येथील एका खोलीत संसार केलेली कितीतरी कुटुंबे या काळात येथे आली. काही जण तर निवृत्तीनंतर, भविष्यनिर्वाह निधीची पुंजी घालून आले. तोवर त्यांच्या मुली शिक्षणासाठी वा लग्न होऊन दूर गेल्या होत्या. त्यामुळे त्या ज्याला माहेर म्हणतात, त्या घरात त्यांचे बालपण गेलेले नाही. डाळीचा डबा कोणत्या फडताळात आहे आणि गिझरचे बटण कोणते, हे त्यांना विचारून घ्यावे लागते. माहेर म्हणजे आई-वडील एवढाच त्या शब्दाचा अर्थ तेथे उरतो. घराच्या भिंतींशी नाते नसलेली व्यक्ती त्या घरात पाहुणी होते, मग ती पोटची लेक का असेना.

माहेरपणाचा जुना करार

माहेरपणाकडे केवळ मायेचा विषय म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. माया त्यात आहेच. पण या प्रथेला एक भक्कम आर्थिक पाया होता, हे विसरून चालणार नाही. शेतीप्रधान एकत्र कुटुंबात सुनेचे श्रम हे सासरच्या मालकीचे मानले जात. वर्षातून काही दिवस मुराळी येऊन तिला घेऊन जाई, तेव्हा त्या श्रमांतून तिला मिळणारी ती मान्यताप्राप्त रजा असे. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्राला उत्तर आणि दक्षिण यांमधला संक्रमणाचा प्रदेश म्हटले. येथे मामाची मुलगी करण्याची चाल असल्याने पुष्कळदा सासर आणि माहेर एकमेकांना परके नसत आणि फार दूरही नसत. त्यामुळे येणेजाणे टिकून राहिले.

परंतु या रजेची एक किंमतही होती. लेकीने बापाच्या जमिनीत वाटा मागावयाचा नाही आणि भावाने तिचा चोळीबांगडीचा मान आयुष्यभर राखावयाचा, असा तो न लिहिलेला करार होता. साडी, ओटी, शिदोरी ही त्या कराराची दर वर्षी भरली जाणारी हप्त्याची रक्कम होती. मुद्दल मात्र भावाकडेच राहत असे. हा व्यवहार इतक्या गोडीने होत असे, की त्यात कोणाला काही गैर वाटले नाही. ज्या बहिणीने वाटा मागितला तिच्यासाठी मात्र माहेरचे दार बंद झाले. दार उघडे राहण्याची अटच मुळी मागणी न करणे ही होती.

याचा सर्वांत ठसठशीत पडताळा नव्या मुंबईच्या भूमीतच आला. या शहरासाठी ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्यात पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मिठागरे आणि भातखाचरे यांचे रूपांतर मोलाच्या भूखंडांत झाले. वारसांची नावे लागण्याची वेळ आली, तेव्हा जवळपासच्याच गावांत नांदणाऱ्या बहिणींपुढे हक्कसोडपत्रे आली. कित्येकींनी सही केली. काहींनी ती मनापासून केली, काहींनी माहेर तुटू नये म्हणून केली. भातशेतीच्या काळात त्या त्यागाचे मोल काही मण तांदळाइतके होते. भूखंडांच्या काळात ते काही लाखांवर गेले. साडी मात्र साडीच राहिली.

कर्तव्य आधी, हक्क नंतर

कायद्याचा इतिहास पाहिला तर हीच मनोवृत्ती तेथेही उमटलेली दिसते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने वारस ठरविले. ही मोठीच सुधारणा होती. पण त्याच कायद्याच्या कलम २३ ने राहत्या घरापुरता तिचा हात आखडता ठेवला. पुरुष वारस वाटणीला तयार होईपर्यंत मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नव्हती. त्या घरात राहण्याचा हक्क होता तो अविवाहित, परित्यक्ता, विभक्त किंवा विधवा मुलीला. सुखाने नांदणाऱ्या विवाहित लेकीला तेथे राहण्याचा हक्क नव्हता. माहेरपणाला ती येई ती भावाच्या मर्जीने, असे कायद्यानेच जणू लिहून ठेवले होते.

१९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातीलच एक प्रकरण आले. कल्याण येथे वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या विवाहित कन्येकडून वडिलांनी पोटगी मागितली होती. विवाहित मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला. निर्णय न्याय्यच होता. पण कालक्रम पाहण्यासारखा आहे. बापाला पोसण्याचे कर्तव्य विवाहित लेकीवर १९८७ मध्ये स्पष्टपणे आले आणि बापाच्या घरात राहण्याचा तिचा हक्क आडवणारे कलम २३ रद्द झाले ते ९ सप्टेंबर २००५ रोजी. मधल्या अठरा वर्षांत ती जबाबदारीपुरती घरची होती आणि हक्कापुरती पाहुणी होती. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, परंतु २२ जून १९९४ पूर्वी विवाह झालेल्या मुली त्यातूनही वगळल्या. ती भिंत २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने पाडली. सहदायादत्व मुलीला जन्मानेच लाभते, ही गोष्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्ध केली.

कायदा असा बदलला, तरी दिवाणखान्यातील वागणूक बदललेली नाही. आजही नव्या मुंबईतील सदनिकेचा विषय निघाला की लेकीच घाईने म्हणतात, आम्हाला काही नको. हे निरिच्छतेचे बोल खरे असतीलही. पण त्यांच्या आड जुना करार अजून बोलत असतो, हेही तितकेच खरे आहे.

पाहुणचाराचा भार कोणावर?

या सगळ्यात एक व्यक्ती हिशेबातून कायमची गळते. ती म्हणजे आई. जुन्या वाड्यात माहेरवाशिणीचे लाड करण्यास सुना, जावा, शेजारणी असत. आजच्या दोन खोल्यांच्या सदनिकेत सत्तरीकडे झुकलेली एकटी आई असते. लेकीला विश्रांती मिळावी म्हणून ती पहाटे उठते. नातवंडांच्या झोपेचे वेळापत्रक परदेशी घड्याळावर चालते, म्हणून ती रात्रीही जागते. वडील तुर्भ्याच्या बाजारातून हापूसची पहिली पेटी किंवा ताजी भाजी आणून आपला वाटा उचलल्याचे समाधान मानतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार बिनमोबदल्याचे घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जात होती, तर ते करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांचा भार किंचित हलका झाला खरा, पण तो पुरुषांनी उचलला असे म्हणता येणार नाही, कारण त्यांचीही मिनिटे घटलीच.

गृहस्थाने आपल्या मोलकरणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, हे पिगूचे उदाहरण अर्थशास्त्राच्या वर्गात हसत सांगितले जाते. त्यातील मर्म हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ज्या श्रमांना किंमत लावली जात नाही ते श्रम अमर्याद आहेत असे गृहीत धरले जाते. लेक परतल्यानंतर आई आठवडाभर अंथरुणाला खिळते, याची नोंद कोणत्याच ताळेबंदात होत नाही. दूरध्वनीवर ती सांगते, सगळे छान आहे. लेकही ते मानून घेते, कारण पाहुण्याला घराची दुखणी सांगावयाची नसतात, हा शिष्टाचार दोघींच्याही अंगवळणी पडलेला असतो.

आनंदात हिशेब कशाला?

असे विचारले जाईल, की वर्षा-दोन वर्षांनी येणारे ते चार दिवस. त्यांत मालमत्ता, आजार, श्रम यांचा हिशेब कशाला? आईला करू द्यावे, लेकीला खाऊ द्यावे, यातच दोघींचे सुख आहे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. आईच्या हातची पुरणपोळी नाकारून कोणतीही समता साधत नाही. परंतु हे चार दिवसच आता मोजके उरले आहेत. रजेची टंचाई, व्हिसाचे बदलते नियम, तिकिटांचे भाव यांमुळे पुढची भेट कधी होईल, हे कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. आई-वडिलांचे जिने चढणे अवघड झाले आहे का, औषधे वेळेवर घेतली जातात का, रात्री अडचण आली तर शेजारी कोण धावेल, या गोष्टी डोळ्यांनी पाहण्याची संधी लेकीला याच दिवसांत मिळते. ती संधी खरेदी, हॉटेले आणि नातलगांच्या भेटी यांत संपली तर पुढची तातडीची खबर विमानतळावरच गाठते.

म्हणून माहेरपणाचा अर्थ आता बदलावयास हवा. लेक आणि जावई यांनी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघराचा आणि बाजारहाटाचा भार उचलावा. विश्रांती आईला मिळावी, तेच तिचे माहेरपण. वडिलांनी मृत्युपत्र, बँकेची कागदपत्रे, वैद्यकीय विम्याचा तपशील या दिवसांत लेकीपुढे उघडून ठेवावा. सहकारी गृहसंस्थेकडे कोणाचे नाव नामनिर्देशित आहे, हे तिला ठाऊक असावे. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, हेही तिला ठाऊक असावे. पश्चिम बंगालमधील एका वडिलांनी सहकारी सदनिकेसाठी विवाहित कन्येला नामनिर्देशित केले होते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या नामनिर्देशनानुसार नोंद करणे संस्थेवर बंधनकारक ठरविले, पण इतर वारसांना आपला वाटा मागण्याची मोकळीकही ठेवली. असे वाद टाळण्याची वेळ आई-वडील हयात असतानाचीच असते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्यात अपत्य या शब्दात मुलगी येतेच. जबाबदारी कायद्याने दिली असेल तर माहिती आणि अधिकार घराने द्यावेत, ही अपेक्षा वाजवी आहे.

लेकीचा हक्क मान्य करणे म्हणजे मुलगा आणि सून यांना दूर सारणे नव्हे. सूनही कोणाची तरी लेक आहे आणि तिच्या माहेरीही एक आई सत्तरीकडे झुकली आहे. दोन्ही घरांनी आपापल्या लेकींना घरच्या मानले तर कोणाचेच काही हिरावले जात नाही. उलट दोन वृद्ध दांपत्यांना चार आधार मिळतात.

नवी मुंबई हे जुन्या वाड्यांचे ओझे नसलेले शहर आहे. येथील बहुतेक कुटुंबांनी आपले घर स्वतः उभे केले. त्या घराचे रीतिरिवाजही त्यांना स्वतःच ठरविता येतील. निरोपाच्या वेळी लेकीच्या ओटीत तांदूळ आणि नारळ घालण्याची चाल खुशाल राहू द्यावी. त्यांच्याबरोबर घराची एक किल्लीही तिच्या हाती द्यावी.