नगरपालिका आली, सभा गेली

छत्तीसगडमध्ये दुर्ग आणि रायपूरच्या मधल्या कुम्हारीला आज नगरपालिका आहे. खेड्याचं शहर होणं आपण बढती समजतो, पण या बढतीत एक हक्क गुपचूप हातचा जातो. 73 व्या घटनादुरुस्तीने खेड्यातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेचा सभासद केलं. शहरांसाठीच्या 74 व्या दुरुस्तीत अशी सभाच नाही. प्रभाग समित्या आहेत, पण त्या सक्तीच्या फक्त 3 लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांत, आणि कुम्हारी त्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणजे पाच वर्षांतून एकदा मत द्यायचं आणि मधल्या काळात नगरसेवकाचं दार ठोठावायचं. आपल्याकडे लोकशाही किती जुनी यावर अहमहमिकेने बोललं जातं, पण जुन्या सभांकडून घेण्यासारखी गोष्ट त्यांचं वय नव्हे. कारभार लोकांसमोर बसून, त्यांच्या कानावर घालून चालायचा, ही ती गोष्ट.

सगळ्यात जुनी संसद म्हणून आइसलँडच्या आल्थिंगचं नाव घेतलं जातं. इ. स. 930 च्या सुमारास थिंगव्हेल्लिरच्या माळावर ती भरू लागली. कायदा तेव्हा लिहिलेला नव्हता. कायदेवक्ता दरवर्षी खडकावरून त्याचा एक तृतीयांश भाग म्हणून दाखवी, आणि तीन वर्षांत सगळा कायदा लोकांच्या कानावरून जाई. मात्र निवाडा अमलात आणणारं कुणी नव्हतं. खटला जिंकणाऱ्याने वसुली स्वतःच करायची. त्यातून सरदारांची भांडणं विकोपाला गेली आणि 1262 ते 1264 दरम्यान देश नॉर्वेच्या राजाच्या हाती गेला. मराठी मुलखातली गोतसभा या बाबतीत शहाणी होती. वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार एकत्र बसत आणि शेजारी सरकारी अंमलदारही असे. निवाड्याचा लेखी कागद, म्हणजे महजर, होई, त्यावर हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या पडत. सहीच्या जागी पाटील नांगर काढी, न्हावी आरसा काढी. त्या कागदावरून कोण बसलं होतं आणि कुणाच्या देखत ठरलं, हे आजही वाचता येतं. आजच्या एखाद्या नालीच्या निविदेवरून एवढंही कळत नाही.

यावर पहिला आक्षेप डॉ. आंबेडकरांचा, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. 4 नोव्हेंबर 1948 रोजी त्यांनी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाची आणि अज्ञानाची गुहा म्हटलं, ते अनुभवातून. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष चाले, पण त्याच गावच्या विहिरीवर त्याला पाणी मिळत नसे. पुरावा संपला की दिव्य करायला लावून उकळत्या तेलात हात घालायला सांगणारेही गोतसभेतलेच लोक. आल्थिंगमध्येही शब्द चाले तो सरदारांचाच. पण हा दोष सभेत कुणाला कोणत्या मानाने बसवलं याचा आहे, आणि ते दार घटनेने मतदारयादी लावून उघडलंच आहे. मग ते फक्त खेड्यापुरतं का?

दुसरा आक्षेप व्यवहारी: लोक येत नाहीत, कोरम भरत नाही, सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. खरं आहे. मात्र छत्तीसगडला लागूनच असलेल्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाची ग्रामसभा भरते आणि सर्वांच्या सहमतीने ठरवते. 2009 मध्ये तिला सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक हाती आलं. गाव भलं आहेच, पण सभेत बसण्यावर बांबूचा पैसा ठरतो, हेही कारण आहे. महाराष्ट्राने 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभा कायद्यात घातली. ती भरवण्याची घाई मात्र फारशी कुणाला झालेली दिसत नाही. तिच्या ठरावावाचून कुणाचं काही अडत नाही, मग का भरवतील? कुम्हारीसारख्या शहरांसाठी छत्तीसगडने असा कायदा करावा आणि त्यात एक ओळ जास्त घालावी: प्रभागातल्या कामाचं बिल सभेत वाचून मंजूर झाल्याशिवाय निघणार नाही. मग सतरंज्या घालायला ठेकेदारच आधी धावतील.