शब्द ग्राहकाचा, वस्तू कारागिराची

कुंभकोणमनजीकच्या नाचियारकोविल येथे घडणाऱ्या पितळी दिव्यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. कावेरीच्या खोऱ्यातील बारीक वाळूच्या साच्यात ओतला जाणारा हा दिवा तमिळमध्ये 'कुत्तुविळक्कु' म्हणून ओळखला जातो. पुण्याचा ग्राहक मात्र गुगलवर 'पितळी समई' शोधतो. कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातील एखाद्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर 'समई' हा शब्दच नसेल, तर त्याचा माल त्या ग्राहकाच्या दृष्टीस पडावा कसा?

शोधयंत्रानुकूलतेचे, म्हणजेच 'एसईओ'चे, मर्म येथेच आहे. ग्राहकाचे शब्द जाणून घेणे, प्रत्येक वस्तूस स्वतंत्र पान देणे, त्यावर उंची, वजन, धातू व किंमत स्पष्ट नोंदवणे आणि गुगलवरील विनामूल्य व्यवसाय-नोंद अद्ययावत ठेवणे, ही त्या धोरणाची पहिली पायरी होय. तिला पैशांहून चिकाटी अधिक लागते. फळ दिसण्यास काही महिने जातात.

तथापि अनेक लघुउद्योजक कर्जाऊ भांडवल 'पहिल्या क्रमांकाची हमी' देणाऱ्यांच्या हाती सोपवतात. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलनेच स्पष्ट केले आहे. पैसे भरणे थांबताच जाहिरात दिसेनाशी होते. नेमक्या माहितीचे पान मात्र ग्राहकाच्या शोधात पुढेही उपयोगी पडत राहते. कर्जाचे हप्ते अखेर विक्रीतूनच फेडावयाचे असतात. याचे भान राखून उद्योजकाने आधी शब्दांकडे लक्ष द्यावे आणि मगच जाहिरातीसाठी थैली सैल करावी.