पोरांना खरे कारण सांगा

यंदा आपल्या मंडळाच्या गणपतीत आरतीआधी माइकवरून जे सांगितले गेले, त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. हॉल भरला होता. फायर अलार्मच्या भीतीने कापूर लावायचा नाही असे आधीच बजावलेले, त्यामुळे ताटात बॅटरीवरची निरांजने होती. घंटा वाजली आणि निवेदन सुरू झाले: घंटेचा नाद सात सेकंद टिकतो, त्याने शरीरातली सात चक्रे जागी होतात, टाळ्या वाजवल्याने तळहातावरचे बिंदू दाबले जातात, तुळस चोवीस तास प्राणवायू देते, आणि हे सगळे आता नासानेही मान्य केले आहे.

माझी लेक सिडनीत युनिव्हर्सिटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. तिने शेजारी उभ्या असलेल्या काकांना हळूच विचारले, "काका, हे कुठे छापून आलंय?" काका म्हणाले, "देवाधर्मात असे प्रश्न विचारायचे नसतात." घटकाभरापूर्वी जे विज्ञान होते, प्रश्न येताच त्याचा देवधर्म झाला. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आई, मी पुढच्या वर्षी नाही येणार. बाप्पाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मला खोटं सांगितलेलं चालत नाही."

मला तिचा राग आला नाही. आपला आला.

तुळशीचेच घ्या. प्रकाश असेल तेव्हाच झाड प्राणवायू सोडते, रात्री तेही आपल्यासारखाच श्वास घेते. हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. आपल्यातले निम्मे इंजिनियर, उरलेल्यांत डॉक्टर आणि फार्मासिस्ट. कामावर पुराव्याशिवाय एक ओळ खपवून न घेणारी माणसे आपण, आणि आरतीच्या ताटाभोवती जमलो की फोनवर फिरत आलेला कोणताही मजकूर पोरांच्या गळी उतरवतो. तुम्ही म्हणाल, शास्त्रीय कारण दिले की मुले ऐकतात. सात वर्षांचे मूल ऐकते, खरे आहे. एकोणीस वर्षांचे मूल फोन काढून तपासते. एक गोष्ट खोटी निघाली की तिच्याबरोबर आपण सांगितलेल्या बाकीच्या खऱ्या गोष्टीही त्याच्या नजरेतून उतरतात. मग मराठी बोल म्हटले तरी त्याला वाटते, यातही काहीतरी फसवणूक असेल.

खोटे कारण न देताही हे सगळे जमते, हे मी माहेरी पाहिले आहे. मी दिव्याची. दिवा जंक्शन म्हटले की कोकणवाल्यांना सावंतवाडीची गाडी आठवेल, बाकीच्यांना लोकलच्या दारात लोंबकळणारी माणसे. पूर्वेला आमच्या दोन खोल्या होत्या. पाणी अवेळी यायचे, कधी यायचेच नाही, मग टँकरपुढे हंडे. आईचे देवघर म्हणजे भिंतीला ठोकलेली फळी. देवांच्या आंघोळीला एक फुलपात्र पाणी, त्याहून थेंब जास्त नाही. तेच तीर्थ, आणि उरलेले तुळशीला. पाणी कमी पडले म्हणून देव रागावेल असे तिला कधी वाटले नाही.

माझा भाऊ डोंबिवलीत कॉलेजला जाऊ लागला आणि दुसऱ्या वर्षी समाजसुधारक आगरकर वाचून बसला. श्रावणात घरी सत्यनारायण होता. त्याने जाहीर केले, मी पूजेला बसणार नाही. वडील गप्प. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नको बसूस. पण इकडे ये, शिरा हलव, रवा खाली लागेल." तो कालथा घेऊन उभा राहिला आणि तिथूनही वाद घालू लागला. रवा सव्वा वाटीच का? साखर, तूप, सगळे सव्वाच का? आई म्हणाली, "माझ्या सासूबाई सव्वा घ्यायच्या. मला तसंच बरं वाटतं." बस्स. त्यावर भावाला काही बोलायला उरले नाही, कारण त्यात काही खोटे नव्हते. शिरा त्याने केला, कथा सुरू झाली तसा गॅलरीत पुस्तक घेऊन बसला, आणि प्रसादाला पहिला हात त्याचाच.

शेजारचे आगरी कुटुंब दरवर्षी पालखीबरोबर कार्ल्याच्या एकवीरेला चालत जायचे. ते त्यालाही न्यायचे. "देव नको मानूस, चालायला तर येशील," असे म्हणायचे. तो जायचा. त्या काळी जलद गाडी दिव्याला थांबत नसे (2016 च्या डिसेंबरात थांबू लागली), म्हणून कॉलेजला धीम्या लोकलने ये-जा. डब्यात भजनी मंडळी असत. देव न मानणाऱ्या माझ्या भावाला आज अभंग तोंडपाठ आहेत ते त्या डब्यामुळे. कोणी त्याला विठ्ठल मान म्हटले नाही, आणि कोणी विठ्ठलाच्या नावाची कंपनसंख्याही सांगितली नाही.

परदेशात आल्यावर आपण जास्त घाबरतो, हे मला समजते. इथे गल्लीत देऊळ नाही, शेजारी पालखी नाही. मूल एकदा नाही म्हणाले की सगळेच सुटेल असे वाटते. पण देव न मानणारा मराठी मुलगा इथल्या हवेने बिघडला, असे जे आपल्या गप्पांत म्हटले जाते, ते साफ चूक आहे. ती परंपरा आपलीच आहे आणि तिचा उगमही कॉलेजातच आहे. कराडजवळच्या टेंभू गावात 1856 साली जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात शिकत असताना मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून अज्ञेयवादी झाले. त्याच कॉलेजात त्यांची टिळकांशी मैत्री झाली. पुढे दोघांचे बिनसले, पण त्याआधी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस दोघे एकत्र होते. एम. ए. झालो तरी मोठ्या पगाराच्या मागे लागणार नाही, असे आईला कळवणारा हा मुलगा 1888 मध्ये 'सुधारक' काढतो, पुण्यातले सनातनी जिवंतपणी त्याची प्रेतयात्रा काढतात, आणि 1895 मध्ये, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचा प्राचार्य असताना तो जातो. घरात यशोदाबाई देवधर्म करणाऱ्या होत्या. आगरकर त्यांच्या आड आले नाहीत. आपल्या मुलांना आगरकर दाखवायचे तर मी आधी हे घर दाखवीन.

त्याच फर्ग्युसनच्या कार्यालयात 2018 च्या श्रावणात सत्यनारायणाची पूजा झाली आणि विद्यार्थी संघटनांनी हरकत घेतली. मला त्या विद्यार्थ्यांचे म्हणणे पटते. घरातला सत्यनारायण वेगळा, सगळ्यांच्या कॉलेजातला वेगळा. पण त्यांची हरकत पटो न पटो, ती उघडपणे घेता आली, वर्तमानपत्रांत त्यावर चर्चा झाली. आपल्या हॉलमध्ये एका मुलीला एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही.

आणि आपण ऑस्ट्रेलियातल्या मराठी माणसांनी तर रँग्लर परांजपे विसरूच नयेत. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा हा मुलगा केंब्रिजला गेला, 1899 मध्ये गणितात सीनियर रँग्लर झाला, तो मान मिळवणारा पहिला भारतीय. परत येऊन फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. देव आयुष्यभर मानला नाही, आणि ते लपवलेही नाही. 1944 ते 1947 या काळात रघुनाथराव परांजपे याच देशात, कॅनबेऱ्यात, भारताचे हायकमिशनर होते. आपल्या आधी इथे आलेला, आपल्याला अभिमानाने सांगता येईल असा माणूस नास्तिक होता. हे मुलांना का सांगत नाही आपण?

त्यांच्याच घरी लेखिका इरावती कर्वे वाढल्या. आपल्या कित्येक मुलांसारख्या त्याही परदेशात जन्मलेल्या, ब्रह्मदेशात, 1905 साली. नाव तिथल्या नदीवरून. पुण्यात शाळेसाठी पाठवलेली मुलगी एका नास्तिकाच्या घरात मोठी झाली, बर्लिनला जाऊन डॉक्टरेट करून आली, आणि नंतर वारीबरोबर पंढरपूरला चालली. 'वाटचाल' या लेखात त्यांनी ते लिहिले आहे. चालण्यातला आनंद लिहिला आहे, आणि दिंडीत ब्राह्मण बायकांची आणि मराठा बायकांची जेवणे वेगळी होतात याचा त्रासही लिहिला आहे. हा लेख वाचून माझी लेक म्हणाली, "असं सांगितलं असतं तर मी शेवटपर्यंत थांबले असते." दोन्ही एकत्र सांगता येते. चूक दिसली ती लिहायची, ओढ वाटली तीही लिहायची.

महाराष्ट्रात अशा प्रश्नांसाठी व्यासपीठही होते. अभिनेते डॉ. श्रीराम लागू आणि अंधश्रद्धा निर्मूलन चळवळीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर गावोगाव 'विवेकजागराचा वाद-संवाद' करत फिरले. लागू म्हणत, देव नाहीच. दाभोलकर म्हणत, देवाला विरोध नाही, देवाच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे. एकाच मंचावर दोघांत मतभेद, आणि समोर बसलेली कॉलेजची मुले प्रश्न विचारत. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. अशा माणसांच्या प्रांतातून आलेले आपण प्रश्न विचारणाऱ्या पोरीला गप्प बसवतो, याची मला लाज वाटते.

पूजेला जोडपेच का बसते, नवरा गेलेली बाई का नाही, हेही मला विचारायचे आहे. आपल्या मंडळात अशा कितीतरी मावश्या मोदक वळतात आणि पूजेच्या वेळी मागे उभ्या राहतात. पण त्यावर वेगळा लेख लागेल.

उपदेश जरा जास्तच झाला, माफ करा. निवेदन करणारे, खुर्च्या मांडणारे आणि रात्री बारा वाजता हॉल पुसणारे हे एकच दहा-बारा जण असतात, हे मला ठाऊक आहे. त्यांचा हेतू चांगलाच होता. पोरांनी थांबावे, एवढेच त्यांना वाटते आणि मलाही तेच वाटते. म्हणून माझी कार्यकारिणीला विनंती आहे: पुढच्या वर्षी आरतीआधीचे ते निवेदन नको. त्याऐवजी महाप्रसादाआधी अर्धा तास कॉलेजच्या मुलांना द्या. विचारू द्या, भांडू द्या, आणि आपल्यापैकी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी "मला बरं वाटतं म्हणून मी करतो" असे सरळ सांगावे.

मंडळाच्या ग्रंथालयात आगरकरांचे निबंध नाहीत, मी पाहिले. इरावतीबाईंचेही काही नाही. ज्यांच्या घरी असतील त्यांनी द्यावेत. मराठी वाचता न येणाऱ्या मुलांना वाचून दाखवायला मी रविवारी येईन, वेळ तुम्ही ठरवा.